फरक

पगारपत्रकं मी करायचे, बावीस वर्षं,
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात.
प्रत्येकाचा आकडा मला पाठ,
आणि तोंड शिवलेलं.
त्या शिवणीचा वेगळा भत्ता नव्हता.

पाकीट घेताना माणूस कळतो.
स्टोअरचे मॅनेजर सोळंकी आधी कपात वाचायचे,
मग पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडायचे
तूरडाळ, स्कूटरचा हप्ता, मुलीची ट्यूशन.
बेरीज जुळली नाही की हसायचे :
"या महिन्यात रविवार जास्त आलेत, बेन."

खरेदीचे फणसे दांडिया बाजारातले, आमच्याच गल्लीतले.
ते पाकीट फोडायचे आणि मान वर करून
बाकीच्यांची तोंडं बघायचे.
एवढंच.
नाहीतर माणूस असा, की अकरा वर्षं
सप्लायरचा चहा नाही घेतला.
घरून थर्मास. दिवाळीत आलेला
लीला चिवड्याचा डबासुद्धा पोचपावती घेऊन परत.
शेठ वार्षिक सभेत त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे,
"आपलं कुटुंब आहे हे,"
आणि कुटुंबाला चार टक्के वाढ द्यायचे.

मग एका मार्चमध्ये अहमदाबादहून नवा मॅनेजर आला,
नऊ वर्षांनी लहान, ताठ कॉलरचा.
जेवणाच्या सुट्टीत फणसे माझ्या टेबलाशी उभे.
"शरयूताई, किती?"

मी बोलले नाही. शपथेवर सांगते, बोलले नाही.
कॅल्क्युलेटरवर आकडा दाबला,
त्यांच्याकडे फिरवला
आणि लगेच पुसला.

"म्हणजे महिन्याला एकोणीस हजारांचा फरक,"
फणसे म्हणाले, अगदी हळू,
जसं कोणी घरातल्या आजाराचं नाव पहिल्यांदा उच्चारतं.

फरक.
आमच्या ऑफिसात हा शब्द चांगला.
करार लांबतो, मग मागल्या तारखेपासून फरक मिळतो,
त्यातून फ्रिज येतो, कुणाची बहीण उजवली जाते.
फरक फुकटचा नसतो.
तो आपलाच, कुणीतरी अडवून ठेवलेला.

राजकोटच्या कास्टिंगचा भाव
त्या उन्हाळ्यात किलोमागे दोन रुपयांनी चढला.

तीन वर्षांनी ऑडिटरला फणशांच्या खणात वही सापडली.
सुंदर अक्षर. समासाची लाल रेघ.
एप्रिल, फरक, एकोणीस हजार.
मे, फरक, एकोणीस हजार.
एक रुपया वर नाही.
पुढच्या एप्रिलला त्यांनी स्वतःला
आठ टक्के वाढ दिली होती :
वीस हजार पाचशे वीस.
आश्विनात बोनस.
एका महिन्यात टायफॉइडने आठ दिवस घरी होते,
तर आठ दिवसांचे कापलेलेसुद्धा!
लाच हा शब्द वहीभर शोधला,
कुठे नव्हता.

शेठ म्हणाले, "पोटाला कमी पडत होतं का?"
फणसे म्हणाले, "पोटाचा प्रश्न नव्हता."
त्यापुढे दोघंही गप्प.
आकडा कुणी सांगितला, हे कुणीच विचारलं नाही.
फणशांनी माझ्याकडे पाहिलंही नाही,
तेवढं त्यांनी माझ्यासाठी केलं.
शेवटचा हिशेब मीच बनवला.
येणं वजा देणं. खाली सही माझी.

खरेदीच्या खुर्चीत मग सोळंकींना बसवलं.
काम दोघांचं, पगार स्टोअरचाच,
"बघू पुढच्या वर्षी."
पहिल्या महिन्यात त्यांनी पाकीट घेतलं,
पेन्सिल कानावरच राहू दिली.
"बेन, या खुर्चीला
फणसेसाहेबांना किती मिळायचे?"

कॅल्क्युलेटर समोरच होता.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले
आणि त्या महिन्यातले रविवार मोजू लागले,
एक, दोन,
आणि पुन्हा पहिल्यापासून.