छाट

फ्रिज गेला त्या दिवशी पारा त्रेचाळीसला टेकला होता.
मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय अक्का,
पुण्याहून मागवायचा, आठ दिवस धरा.
नळ सकाळीच येऊन गेलेला,
म्हणजे आता पाचव्या दिवशी.

आत दीड किलो टोमॅटो, कोथिंबिरीच्या दोन जुड्या,
गाजरं, भेंडी, मूठभर मिरच्या, सात लिंबं.
नरसय्यानं रात्री नऊला मंडईतून आणलेलं,
उठताना ओततात तसलं, पन्नासला पिशवी.
स्वस्त ते आधी नासतं,
हे त्याला लग्नापासून सांगतेय.

सगळं फरशीवर मांडलं आणि बघत बसले,
जसा तो चेकर बघतो रोज शाखेवर
माझा हजाराचा गठ्ठा फोडून.
ही सैल. ही जाड. हिचं तोंड नीट मुडपलं नाही.
बोलत बोलत टोपलीत.
छाट बिडीची मजुरी नाही,
पान कमी पडलं तर तेही पदरचं.

पण पान ओलं कसं ठेवायचं
हे मला कुणी शिकवू नये.
तेंदू भिजवायचा, झटकायचा,
गोणपाटात गुंडाळून रात्रभर निजवायचा.
ओल जास्त झाली की बुरशी,
कमी झाली की कात्रीखाली तडकतं.
मधलं जे असतं ते सांगता येत नाही.
बोटाच्या पेराला कळतं.

आणि कोथिंबीर म्हणजे पानच की.
मुळं तशीच ठेवली, धुतली नाही,
कोरड्या पेपरात, वरून ओला टॉवेल.
टॉवेल नरसय्याच्या मागावरचा, कडेचा धागा सुटलेला,
मालकानं किलोवर दिलेला. तोही छाटच.

मग मोठा रांजण, त्यात लहान मडकं,
मधल्या फटीत वाळू.
यल्लव्वाच्या बाथरूमसाठी आलेली, दोन पाट्या उसनी.
वाळू कुणी उसनी मागतं का गं, म्हणून हसली,
आणि तिसरी पाटी स्वतः घेऊन आली.
पाणी कुठलं? भांडी विसळल्यावरचं शेवटचं,
सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर.
रांजण दारामागे, जिथं वारा येतो पण ऊन नाही.

गाजरांचा पाला पिरगळून काढला,
तो राहिला की गाजरालाच पितो.
मिरच्यांची देठं खुडली.
टोमॅटो देठाकडून पालथे, एकमेकांना न लागता.
कांदे-बटाटे इतकी वर्षं एका टोपलीत नांदले,
एकानं दुसऱ्याला कोंब आणत,
माझ्या दोन नणंदांसारखे.
आता कांदे खिडकीशी, बटाटे अंधारात,
दोघंही सुखात.

चौथ्या रात्री लाईट गेली.
पत्रा अजून तापलेला, घरकुलातली सगळी माणसं बाहेर ओट्यांवर.
मी मडक्यात हात घातला
तर आत गड्ड्याच्या यात्रेतली थंडी,
कोपरापर्यंत जानेवारी.
काढावासाच वाटेना.

तीन टोमॅटो मऊ पडले होते.
वेगळे केले, टाकले नाहीत,
रात्रीच त्यांचा पप्पू झाला, चिंच न घालता.
भेंडी मात्र चुकली माझी,
ओल सोसत नाही तिला, चिकट झाली,
यल्लव्वाच्या शेळीनं खाल्ली.
पुढच्या वेळी भेंडी कोरड्या फडक्यात.

अकराव्या दिवशी मेकॅनिक आला.
त्याला सरबत दिलं तसा थबकला,
फ्रिज बंद आणि ग्लास गार.
त्यानं रांजणाला हात लावून बघितला,
वाळूत बोट खुपसलं, मला दोनदा विचारलं,
आणि पैसे तेवढेच घेतले.

फ्रिज चालू आहे आता.
त्यात दूध असतं, मुलांचा बर्फ असतं.
बाकीचं दारामागे.

आज शाखेवर बासष्ट छाटल्या.
काही बोलले नाही, वहीवर सही केली,
बसच्या गर्दीत उभ्यानं आले.
घरी येऊन चप्पल काढायच्या आधी टॉवेल उचलला.
मोजली.
काल आणलेली नऊ लिंबं.
नऊ.