जॅकची जागा

तीन आठवडे तो हॉलमध्ये उभा होता,
दाराच्या मागे, छत्र्यांच्या शेजारी,
चार फूट उंच, तांबडा, अंगभर भोकं.
कमळ फरशी पुसताना त्याला वळसा घालायची,
न बोलणाऱ्या पाहुण्याला घालावा तसा.

जीप खाली पार्किंगमध्ये,
जॅक तिसऱ्या मजल्यावर,
मध्ये लिफ्ट, ती बंद.

मत प्रत्येकाला होतं.
कर्वेनगरात मत नसलेला माणूस
भाड्यानेही मिळत नाही.
टिळेकर म्हणाले, बॉनेटवर लावा, ऐट येते.
ऐट येते आणि समोरचा रस्ता जातो.
हृषीकेश म्हणाला, टपावर.
तेरा किलो लोखंड टपावरून काढायला
आधी एक हृषीकेश टपावर चढवावा लागतो.
मागच्या दाराच्या बिजागऱ्या
स्टेपनीच्या ओझ्यानेच कण्हतात.
आणि सीटखाली ठेवला तर
एका कचकचीत ब्रेकला तो सीटखाली राहणार नाही.
कुठे जाईल, त्यावर मला बोलायचं नाही.

शेवटी भवानी पेठेत, हनीफ आतारकडे.
त्याने जीपभोवती एक फेरी मारली,
काळा चष्मा कपाळावर सरकवला,
विचारलं,
मॅडम, मागच्या वेळी रुतली
ती कुठल्या कुशीवर?

डाव्या.
पानशेतच्या पुढे, भातखाचराच्या कडेला.
मागचं दार बांधाला टेकलेलं, उघडेना,
आणि जॅक दाराच्या आत, सामानाखाली.
काचेतून दिसत होता.
दोन फुटांवर.
मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे,
ट्रॅक्टर येईपर्यंत, म्हणजे
अंधार पडेपर्यंत.
त्याच रात्री रागाने वर आणला त्याला,
चिखलासकट.

हनीफ म्हणाला, बघा,
आपण डावीकडून चालतो. जातानाही, येतानाही.
गाडी रस्ता सोडेल तो डावीकडेच.
खड्डा डावीकडे, ओढा डावीकडे, बांध डावीकडे.
उजवीकडे नुसती माणसं.
उजवीकडे लावू.

इतकं साधं कुणी मला
कशाच्याच बाबतीत सांगितलं नव्हतं.

उजव्या पाइपांना, खांद्याच्या उंचीवर दोन कड्या,
आरशाच्या रेषेच्या आत,
नाहीतर स्वारगेटच्या सिग्नलला कुणाचा तरी कोपर.
नट असे, की पाना न लागता
ओल्या बोटांनीही फिरतील.
खटक्यांवर ताडपत्रीचं टोपडं, धूळ बसू नये.
दांड्याला सायकलची जुनी ट्यूब, खडखडू नये.
आणि वर चढवताना, तो म्हणाला,
तोंड दांड्याच्या वाटेत आणायचं नाही. कधीच नाही.
हसला.
समोरचे दोन दात नव्हते.

गेल्या रविवारी, डोणजे फाट्याच्या अलीकडे,
दुधाचा टेम्पो कलंडलेला. डावीकडे, अर्थातच.
मी उतरले. दोन नट. दीड मिनिट.
जॅक हातात.
ड्रायव्हर पासलकर तोंडातली तंबाखू विसरून बघत होता,
आणि मीही, खरं तर, स्वतःकडेच.

मग जॅक जमिनीवर टेकवायला गेले,
तर टेकवायला काही नाही.
खालची चौकोनी बैठक गायब.
कमळने पिन काढून ती सुटी केली होती,
खाचराचा चिखल खरवडून, भांड्यांच्या साबणाने धुऊन
गॅलरीत वाळत घातली होती,
आणि मला ते सांगितलंही होतं.

पासलकरने फाळक्याची एक फळी उचकटली.
फळीवर जॅक. असं कुणी करू नये.
आम्ही केलं.
टक्.
टक्.
एकेक भोक वर चढत गेला टेम्पो,
आत कॅन एकमेकांना हळूहळू
पुन्हा खेटून बसले.

बैठक अजून घरीच आहे.
वारा आला की हॉलचं दार आपटायचं,
आता आपटत नाही.
जीपमध्ये तिच्यासाठी जागा बघायला हवी.
टिळेकरांना अजून विचारलेलं नाही.