किरकोळ

माझ्याकडे दोन रजिस्टरं असतात.
एकात तेल, तूरडाळ, कांदे, सिलिंडर.
दुसऱ्यात पोरं.

आला त्याला बरोबरची खूण.
नाही आला त्याला काहीच नाही, नुसता कोरा चौकोन.
हिंगणा रोडच्या या होस्टेलात अकरा वर्षं
मी खुणा मोजल्या, कारण बिल खुणांचं होतं.

परीक्षा जवळ आली की चौकोन कोरे राहतात.
रात्री तीनला मॅगी,
सकाळी चौकात उधारीची तर्री-पोहा,
वर लाल तवंग, खाली रिकामं पोट,
आणि दहाच्या तासाला मान बाकावर.
शिकवणारे म्हणतात, पोट्ट्यांना झोप फार.

लोकेश पुंगाटी, सिव्हिल, दुसरं वर्ष, खोली चौतीस.
नाश्ता: कोरा. कोरा. कोरा.
चौदा दिवस.
मी जिन्यात गाठलं, काहून बे, उपास धरला का?
तो चपलेकडे पाहत म्हणाला,
सकाळी पोळी उतरत नाही सर.
आमच्याकडे पेज असते.
सुट्टी मागावी तसं म्हणाला.
गाव भामरागडच्या पुढे. मी नकाशातही तिथवर गेलो नव्हतो.

स्वयंपाकघरात वच्छलाबाई नेवारे पोळ्या लाटत होत्या,
साकोलीकडच्या, धानाच्या मुलखातल्या.
लाटणं थांबलं.
"मले आधी काहून नाही सांगतलं जी?
मी बी सकायी पेजच पेतो."
म्हणजे सात वर्षं या बाई
साडेतीनशे पोळ्या लाटून
घरून पेज पिऊन येत होत्या,
आणि मला वाटायचं, मेन्यू मी ठरवतो.

इतवारीतून पाच किलो कणी आणली.
वऱ्हाडपांडे सरांनी चष्मा वर केला:
हे कोणत्या सदरात टाकायचं?
मी लिहिलं, किरकोळ.

पहिल्या दिवशी एकच वाटी गेली.
सोबत कांदा, भाजलेली मिरची, जवसाची चटणी.
मग आरमोरीचा एक आला, गोंदियाच्या दोघी,
मग धरमपेठेतला तो,
खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन फिरणारा,
त्याने आधी फोटो काढला,
मग दोन वाट्या प्यायला,
पट्टीचं काही बोलला नाही.

मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री,
कूलरला पाणी पुरेना, वाळ्याचा वास दुपारपर्यंत विरून जाई.
निकाल लागला.
लोकेशला गणितात एक्केचाळीस, मागच्या वेळी सतरा होते.
यांत्रिकीत मात्र अडकला.
पेजेनं झालं म्हणू?
खोलीतला डोंगरवार त्याला रात्री शिकवायचा, तेही आहेच.
माझ्या रजिस्टरात एवढे रकाने नाहीत.

मीही एकदा असाच पेपरला बसलो होतो,
दोन ग्लास पाण्यावर.
प्रश्न पत्रिकेवरून सरकत होते, पालीसारखे.
मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, घंटा होईपर्यंत.
पुढे ही नोकरी लागली.
यात कोणाची चूक होती, असं म्हणत नाही.
कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

वच्छलाबाई आतून ओरडतात,
कणी सरली जी, किती आणता?
मी लिहितो, दहा किलो.
सदर तेच.