नोंदवही

फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी उंदीर आहेत.
पाहुण्यांना बर्फ हवा असला
तर मीच उठते.

आठ डिसेंबर. चौदाशे दहा ग्रॅम.
खाल्लं नाही.
बाहेर उणे एकतीस, सुपिरियर सरोवर वाफाळतंय,
याच्या काचेआड अधिक बत्तीस.
थंडर बेमध्ये निवृत्त माणसं होडी घेतात,
युहानीने अजगर आणला.
नाव पुल्ला. आमचा गोड पाव,
तसाच वेढे घालून बसतो म्हणून.

युहानी गेला, बूट चर्चवाल्यांनी नेले,
गळ पुतण्याने.
हा कुणी मागितलाच नाही.

पंचवीस जानेवारी. तेराशे नव्वद.
उंदीर कोमट पाण्यात सोडला, चिमट्याने नाचवला.
पुल्लाने जीभ काढून त्याची विचारपूस केली
आणि पालथ्या कुंडीखाली निघून गेला.
डॉक्टरीण म्हणाली, थांबा.
वजन टिकलंय ना? मग थांबा.
हा शब्द युहानीच्या वेळी
कुणी उच्चारला नाही.
सूपचा चमचा घेऊन
मी त्याच्या मिटल्या ओठांशी भांडत राहिले.

अकरा मार्च. कात टाकली, अखंड,
डोळ्यांवरच्या टिकल्यांसकट.
खिडकीशी धरली तर पलीकडे
बर्फ उपसणारा शेजारी दिसला, खवल्याखवल्यांचा.
त्याने हात केला. मी कातेसकट हात हलवला.

हे तीस वर्षं जगतात म्हणे.
हा अकराचा, मी त्र्याहत्तरची.
वहीची कोरी पानं मोजली,
मग मोजणं सोडून
पेन्सिलीला टोक केलं.
खाल्लं नाही.
माझ्या मनगटाभोवती मात्र
बराच वेळ होता.