दिसलीस

मेच्या शेवटी, अकरा वाजले की
नेमुनास नदीच्या वळणावरची नांगरट तापते
आणि हवा तिथून उठते, कुणाला न विचारता.
आम्ही तिच्यावर चढतो.
इंजिन नाही. कानाशी चढ-उतार सांगणारी बारीक पिपाणी,
काचेबाहेर चिकटपट्टीने लावलेला लाल लोकरीचा धागा.
तो सरळ असेल तर माझं बरं चाललेलं असतं.

गिंताउतासने मला शिकवलं तेव्हा तो सत्तरीचा होता.
मागच्या सीटवरून, गुंडाळलेल्या नकाशाने
माझ्या टोपीवर टपली मारायचा:
काट्यांकडे काय बघतेस,
काटे काही तुला येऊन धडकणार नाहीत.
आणि एकदा, उतरल्यावर, बुटातला खडा काढताना:
जो ठिपका काचेवरून सरकतो, तो चाललाय आपल्या वाटेने.
जो सरकत नाही,
जागच्या जागी नुसता मोठा होत राहतो,
तो तुझा.

त्या दुपारी एकाच खांबात आम्ही पाच होतो.
पहिला डावीकडे वळला म्हणून सगळे डावीकडे.
आमच्या वर करकोचे, सात की आठ,
लांब पाय मागे सोडून दिलेले,
मान मात्र एकाचीही स्वस्थ नाही.
त्यांना आवाज नसतो, बिचाऱ्यांना बघावंच लागतं.

रेडिओवर नेहमीचंच.
कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय,
त्याचं नाक ओढणं सगळ्या जिल्ह्याला ऐकू येतंय.
कुणी विचारतंय, बीटचं थंड सूप उरलंय का.
फट सापडताच मी म्हटलं:
वाइदोतास, तुझ्या खाली आहे, अकराशे मीटर, आत येतेय.
खरखर. मग तो:
दिसलीस.

तो शब्द मी खिशात टाकला.
मान सैल केली, पाण्याची नळी तोंडात धरली,
खाली प्रिएनायचं चर्च बघितलं,
एका परसात वाळत घातलेली पिवळी चादर.
अख्खी एक घिरटी
मी त्या शब्दावर बसून काढली.

डावीकडे वर, काचेच्या चौकटीला लागून
काहीतरी पांढरं होतं.
ढगाचा तुकडा असेल.
ढगाचा तुकडा सरकत नव्हता.

मग मला त्याचं पोट दिसलं,
पोटावरचा तेलकट ओघळ,
चाकाच्या खोबणीत अडकलेलं सकाळचं गवत.
हाताने दांडी पुढे ढकलली, उजवीकडे, माझ्या आधी.
पाण्याची नळी तोंडातून सुटून गालावर फटकली.
करकोचे फुटल्यासारखे पांगले.
आणि मी एकटी, खांबाबाहेर, घसरत्या हवेत,
धागा आडवा पडलेला.

वाइदोतासला दिसली होती स्किर्मांते,
पलीकडच्या अंगाला, माझ्याच उंचीवर.
सगळी ग्लायडर पांढरीच असतात.
तो खोटं बोलला नव्हता, हेच वाईट.
वर, हे क्रियापद भूतकाळातलं,
आणि घिरटीत एक सेकंदही जुना झालेला चालत नाही.

कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर, म्हणतात.
संध्याकाळी हँगरमधल्या तडकलेल्या आरशात
मी बोटं लावून पाहिली.
चारच भरली. बोटं थरथरत होती म्हणून
पुन्हा लावली.

वाइदोतासने सूप आणून दिलं. बसला. उठला.
चमचा विसरला होता, तो आणायला गेला आणि
बराच वेळ आला नाही.

आता कुणी दिसलीस म्हणालं की मी विचारते: कुठे?
पंख हलवते, सांगते, यातली कोणती मी, ओळख.
नव्या पोरांना हे किरकिरं वाटतं.
विचारता विचारता मान चालू ठेवते,
उत्तर आल्यावर तर जास्तच.

गिंताउतास आता उडत नाही.
गवतावर खुर्ची टाकून, मांडीवर रेडिओ घेऊन बसतो,
आवाज बारीक केलेला, डोळे वर.
त्याला मी सगळं सांगितलं, त्याच रात्री, उभ्यानेच.
तो ओरडेल म्हणून थांबले.
त्याने एवढंच विचारलं:
चाकातलं गवत हिरवं होतं की वाळलेलं?
हिरवं, मी म्हटलं.
पात्यावर एक किडा पण होता.