मुंग्या

शनिवारी संध्याकाळी बाबा गच्चीवर चढायचे,
ॲल्युमिनियमचा तो माशाचा काटा फिरवायला.
आई टीव्हीपाशी, मी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर.
आईचं "मुंग्या!" मी वर पोचवायची,
बाबांचं "आता?" खाली.
शेजारून कुणीतरी : "पेडणेकर, आमचाही बघा जरा."

काड्या आडव्याच हव्यात, उभ्या केल्या की चित्र जातं,
हे बाबांना हातांनी कळलेलं.
ध्रुवीकरण हा शब्द तेव्हा आम्ही
निवडणुकीतसुद्धा ऐकला नव्हता.

आता मानखुर्द, रात्रीचे दोन,
पडद्यावर एका दीर्घिकेचं केंद्र.
केंद्र कसलं, ठिपका. तोही मी म्हणते म्हणून.
तिथं एक कृष्णविवर अर्धपोटी बसलंय,
मोठ्यांसारखे फवारे नाहीत, गाजावाजा नाही,
नुसतं धुगधुगतंय.
त्याच्या लहरी कोणत्या अंगाला डोलतात
एवढंच मला हवंय.
निघताना असतीलही एका रेषेत,
पण दारातच दाट वायू, चुंबकी,
त्यानं प्रत्येकीला वेगवेगळं पिळलं
आणि एकमेकींना खोडत त्या चाळीस कोटी वर्षं चालल्या.
खोडदच्या तबकड्यांनी नऊ तास ऐकलं.

अर्धा टक्का मिळाला.
मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.
अर्धा टक्काच होता.

सकाळी बाबांना सांगितलं.
एक्क्याऐंशी वर्षं, डाव्या कानात यंत्र.
म्हणाले, "सांधा बघितलास? सांध्यात पाणी शिरतं."
हसले मी. मग तपासलं.
आडव्यातलं थोडं उभ्यात झिरपत होतं,
आमचंच, आकाशाचं नव्हे.
झिरप वजा केली.
उरल्या मुंग्या.

लिहिलं : शून्य दशांश दोन टक्क्यांहून कमी.
"म्हणजे नाही आलं," बाबा.
"म्हणजे, आलं असेल तर याहून जास्त नाही."
"हे कठड्यावरून ओरडून कसं सांगायचं?"

कधी कधी बाबांनी दांडी हातात धरली
की चित्र यायचं, सोडली की जायचं.
मग सिनेमा संपेपर्यंत ते काळोखात तसेच,
डासांत, एक हात वर,
आणि मी खालून, गळ्याच्या शिरा ताणून :
सोडू नका!
तोंड हलतंय कुणाचं तरी!