मनातले मांडे

पट्टणशेट्टी सर फळ्यावर चार खणांची चौकट आखतात.
इंग्रजीत लिहितात, कन्नडात समजावतात,
मी समासात मराठीत टिपते: बळ, उणीव, संधी, धोका.
शेवटचं सेमिस्टर. जवळचा एखादा धंदा निवडा, म्हणाले,
त्याचं धोरण अभ्यासा.
शिल्पा बडिगेरनं उद्यमबागेतली फाउंड्री घेतली.
मी शहापुरातली द्रौपदामावशी.

उपड्या खापराखाली जाळ.
मावशीच्या कोपरापर्यंत पसरत गेलेली कणीक,
तिच्यातून मला पलीकडची ट्यूबलाइट दिसते.
"मावशी, पाच वर्षांनी धंदा कुठं असेल?"
"हितंच. चूल काय उठून जातीया?"
"स्पर्धक?"
"वडगावची शांतव्वा. तिचा हात भाजला तवा
तिची लग्नाची आर्डर मीच उरकली."
हे कुठल्या खणात लिहू?
"आणि पॉलिसी?"
"होती एक, एलआयसीची. मोडली."

मग बऱ्याच वेळानं, गरम मांड्याची घडी घालता घालता,
"फाटलेला विकायचा न्हाई. घरात खायचा.
येवढं लिही पायजे तर."

बत्तीस पानं झाली.
आलेख, पुण्यापर्यंत कुरिअर,
डब्यावर तीन भाषांत लेबल.
वाचून दाखवलं. ती पीठ चाळत ऐकत होती.
"झ्याक. पर येवढं भाजणार कोण?"

सरांच्या शेऱ्यातही तेच, लाल शाईत, इंग्रजीत.

परवापासून खापराशी बसते.
पहिले सहा फाटले.
घरात खाल्ले.